बाटली बरोबर घ्या, ओकारी काढू नका

विषबाधेत सगळ्यात आधी सांभाळायचा तो श्वास. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसाची छाती स्वतःच्याच स्रावांनी भरून येते. झोपेच्या गोळ्या घेतलेल्याची जीभ मागे पडून घसा बंद होतो. रॉकेल प्यायलेल्या पोराला ओकारी काढायला लावली की तेच रॉकेल फुप्फुसात उतरतं. घरात मात्र सगळी धावपळ पोटातलं बाहेर काढायची चाललेली असते: कुणी मीठपाणी पाजतं, कुणी घशात बोट घालतं, कुणी ताकाचा तांब्या पुढे करतं. यात अर्धा-पाऊण तास जातो. सातारा-सांगलीतल्या माण, आटपाडी किंवा जतच्या पूर्व भागातून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच जिथे दीड-दोन तास लागतात, तिथे हा अर्धा तास कुठून भरून काढणार?

म्हणून घरी करायचं काम अगदी थोडं आहे. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गुंगीत असेल तर त्याला डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवा, तोंड किंचित जमिनीकडे करा. असं झोपवल्यावर उलटी झाली तरी ती बाहेर पडते, श्वासनळीत जात नाही. डावीच कूस का, तर जठराचा पुढचा दरवाजा उजव्या बाजूला असतो. डाव्या कुशीवर पोटातलं आतड्याकडे जरा उशिरा सरकतं. तोंडात फेस, ओकारी किंवा सुटी कवळी असेल तर कापड गुंडाळलेल्या बोटाने काढा. तोंडावाटे काहीही देऊ नका. 108 ला फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात ‘विषबाधा आहे’ असं सांगा. गाडीला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा, पण माणसाला मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका. मान पुढे पडते आणि श्वास तिथेच कोंडतो.

श्वासच थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने. पोटात कीटकनाशक किंवा धान्यात कीड मारायला ठेवतात ती गोळी गेली असेल तर तोंडाने श्वास देऊ नका. ते देणाऱ्यालाही बाधतं.

बाटली, पुडी, गोळ्यांची रिकामी पट्टी किंवा खाल्लेल्या फळाची फांदी, जे सापडेल ते बरोबर घ्या. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. डॉक्टरला हवं असतं ते बारीक अक्षरातलं रासायनिक नाव आणि त्यापुढचा टक्का. एकाच ब्रँडच्या नावाने दोन वेगळी रसायनं विकली जातात, म्हणून ‘फवारणीचं औषध होतं’ एवढ्यावर भागत नाही. लेबलवरचा रंगीत त्रिकोणही पाहून घ्या: लाल अतितीव्र, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा आहे म्हणून घरी थांबू नका. हा रंग त्या मालाच्या विषाची तीव्रता सांगतो, त्यावर उतारा आहे की नाही हे सांगत नाही. बाटली न्यायला विसरली तर लेबलचा मोबाईलवर फोटो काढून पाठवायला सांगा.

ओकारीबद्दल एकदा नीट समजून घ्या. ॲसिड, ड्रेनेज साफ करायची पावडर, टॉयलेट क्लीनर यांनी अन्ननलिका जाताना एकदा भाजते, ओकारीने दुसऱ्यांदा. रॉकेल, टर्पेंटाइन, पातळ द्रावकातली कीटकनाशकं पोटात असतात तोवर तितका धोका करत नाहीत. त्यांचे दोन-चार थेंब फुप्फुसात गेले की रासायनिक न्यूमोनिया होतो. कापूर खाल्लेल्या मुलाला अर्ध्या तासात झटके येऊ शकतात आणि झटक्यात ओकारी झाली तर ती सरळ श्वासनळीत जाते. मीठपाण्याचा वेगळाच ताप: दोन-तीन पेले कडक मीठपाणी लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम एवढं वाढवतं की मेंदूतलं पाणी ओढलं जाऊन तो आक्रसतो. ॲसिडवर सोडा, अल्कलीवर लिंबू हाही प्रकार नको, त्या रासायनिक क्रियेत उष्णता तयार होते. ॲसिड किंवा अल्कलीत फक्त तोंड खळखळून धुवायचं, पाणी थुंकायचं.

अंगावरचं धुणं

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यात द्राक्षाचा मंडप डोक्याच्या वर असतो. फवारा खालून वर जातो आणि पानांवरून निथळून परत माणसाच्याच डोक्यावर, मानेवर, कॉलरच्या आत उतरतो. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळत असेल तर कंबर आणि पाठ तासन्‌तास भिजलेली राहते. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जणांचे प्राण गेले, तिथे कपाशी माणसाच्या उंचीइतकी वाढलेली होती. रसायन तोंडाने पोटात जावंच लागतं असं नाही. कातडीतून, आणि घाम आलेल्या कातडीतून तर जास्तच, ते आत शिरतं.

म्हणून फवारताना कुणाला गरगरलं, मळमळलं, डोळ्यांपुढे धूसर झालं की त्याला बांधावर सावलीत बसवून पाणी पाजत बसू नका. सगळे कपडे तिथल्या तिथे काढा, करदोडा आणि गळ्यातला दोराही. चामड्याचा पट्टा आणि चपला रसायन शोषून धरतात, त्या परत वापरायच्या नाहीत. मग साबण आणि भरपूर साधं पाणी, किमान 15 ते 20 मिनिटं. केस, कानामागे, काखा, बेंबी, जांघा, नखांच्या आतली बाजू या जागा राहून जातात आणि तिथूनच रसायन पुढचे कितीतरी तास आत जात राहतं. गरम पाणी नको, दगडाने घासणं नको. दोन्हींनी कातडीतून शोषण वाढतं. डोळ्यात उडालं असेल तर पापणी उघडी धरून नाकाकडून कानाकडे वाहत्या पाण्याची धार 20 मिनिटं. धुणाऱ्याने हातात जाड रबरी मोजे घालावेत, नसतील तर प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकावर एक. दवाखान्यातले पातळ पांढरे मोजे द्रावकापुढे टिकत नाहीत. मात्र माणूस बेशुद्ध असेल, श्वासाचा घरघर आवाज येत असेल तर कपडे काढून निघा, धुणं पुढे होईल.

द्राक्षवाल्यांसाठी आणखी एक. ऑक्टोबर छाटणीनंतर काडी फुटावी म्हणून हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. हे रसायन शरीरात दारू पचवणारं एन्झाइम अडवतं. दिवसभर पेस्टिंग करून संध्याकाळी दारू घेतलेल्या माणसाचा चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. गडी ‘आज जास्त झाली’ म्हणून झोपवून टाकतात. त्याला सलाईन लागतं आणि डॉक्टरला पेस्टिंगचं सांगावं लागतं, कारण नुसत्या दारूवर हे चित्र बसत नाही. पेस्टिंगच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू पूर्ण बंद.

बारीक बाहुल्या आणि ॲट्रोपीनचं गणित

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. नस आणि स्नायू यांच्यात निरोप नेणारा ॲसिटाइलकोलीन नावाचा पदार्थ असतो. काम झालं की एक एन्झाइम त्याला तोडतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमला जखडून टाकतं, मग निरोप थांबतच नाही. नळ सोडलाय आणि चावी हातात राहिली, तसा प्रकार. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, नकळत लघवी, छातीत कफाचा पूर. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नाडी मंदावते. मांडीच्या, दंडाच्या, पापणीच्या स्नायूंमध्ये किडे वळवळल्यासारखी थरथर दिसते, ती विसरता येत नाही. अंगाला लसणासारखा किंवा रॉकेलसारखा उग्र वास येतो.

ॲट्रोपीनचं इंजेक्शन या पुरावर बांध घालतं. आपल्याकडे त्याची 1 मिलीची कुपी 0.6 मिलिग्रॅमची येते. मोठ्या माणसाला सुरुवात 1.8 ते 3 मिलिग्रॅमने करतात, म्हणजे एकदम 3 ते 5 कुप्या शिरेतून. मुलांना किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. सुधारणा नसेल तर आधीच्या दुप्पट. 5 कुप्या, मग 10, मग 20, मग 40. गणित करून पाहा, वीस मिनिटांत पाऊणशे कुप्या संपतात. नातेवाइकांना वाटतं डॉक्टरचं काहीतरी चुकतंय, पण चूक बहुतेक उलटी असते: एकेक कुपी तासातासाने देत राहणं. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा कमी असेल तर आहे तेवढं देऊन पेशंट पुढे पाठवावा आणि पुढच्या दवाखान्याला फोन करून सांगावं. ‘इथे नाही, तिकडे जा’ म्हणत कोरडा पाठवू नये.

थांबायचं कधी? छातीतला घरघराट गेला, काख कोरडी झाली, नाडी 80 च्या वर, वरचा रक्तदाब 80 च्या वर, बाहुल्या टाचणीएवढ्या राहिल्या नाहीत. यात खरा निकष छातीचा. बाहुल्या उशिरा उघडतात, त्यांच्या मागे लागून डोस वाढवत गेलं की ॲट्रोपीनचीच बाधा होते. नाडी आधीच जोरात असेल म्हणून ॲट्रोपीन रोखायचं नसतं. आणि एक फसवी गोष्ट: फुप्फुसात ओकारी गेली असेल तर एका बाजूला आवाज राहतोच, तो कितीही ॲट्रोपीनने जात नाही. एकदा छाती कोरडी झाली की लागलेल्या एकूण डोसाच्या 10 ते 20 टक्के दर तासाला ठिबकमधून चालू ठेवतात.

प्रालिडॉक्झिम, दवाखान्यात ज्याला पाम म्हणतात, ते जखडलेलं एन्झाइम सोडवायचा प्रयत्न करतं. त्याच्या उपयोगाबद्दल मतं एक नाहीत. फलटणच्या पलीकडे बारामतीत झालेला अभ्यास 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात सतत ठिबकमधून मोठा डोस दिलेल्यांचा फायदा झाला. 2009 साली श्रीलंकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. वेळ निघून गेली, एन्झाइम कायमचं जखडलं, की त्याचा उपयोग राहत नाही एवढं नक्की. मिथोमिलसारख्या कार्बामेट गटात लक्षणं तशीच असतात, पण एन्झाइम आपोआप लवकर सुटतं, आणि सहसा ॲट्रोपीनवर भागतं. सायपरमेथ्रीनसारख्या पायरेथ्रॉइडने चेहऱ्याची आग होते, मुंग्या येतात. त्याला ॲट्रोपीनचा भडिमार करायचा नसतो. बाटली का आणायची ते इथे कळतं.

दुसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागतो, चहा मागतो, घरचे म्हणतात घरी नेऊ. नेऊ नका. 24 ते 96 तासांत मानेचे, दंडाचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, शुद्ध असताना. तपासायला यंत्र लागत नाही: उताणं झोपवून ‘उशीवरून डोकं उचला’ म्हणायचं. उचलता येत नसेल तर व्हेंटिलेटर जवळ हवा.

झाडंझुडपं

धोतरा म्हणजे वरच्या ऑर्गॅनोफॉस्फेटच्या चित्राचा उलटा आरसा. त्यातच ॲट्रोपीनच्या कुळातली द्रव्यं असतात. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, कातडी लाल आणि तापलेली, घाम नाही, लघवी अडकलेली. मूल बरळतं, हवेतलं काहीतरी पकडायला जातं, अंथरुणाचे धागे ओढत बसतं. महाशिवरात्रीला पूजेसाठी आणलेली काटेरी फळं नंतर अंगणात पडून राहतात आणि आतल्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. देवऋषाकडे नेण्यात रात्र घालवू नका. दवाखान्यात शांत करायला डायझेपामच्या गटातलं औषध, ताप उतरवायला ओले कपडे, लघवीला नळी, एवढ्यावर बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत ताळ्यावर येतात. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या पेशंटला ॲट्रोपीन जास्त झालं तर तोही असाच दिसतो.

कण्हेर, लाल असो वा पांढरी, आणि बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, यांचं विष हृदयावर जातं. आधी ओकाऱ्या, मग नाडी 50, 40 अशी उतरत जाते, ईसीजीत ब्लॉक, म्हणजे हृदयातला विजेचा निरोप अडलेला दिसतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं. उलट्या थांबल्या म्हणून दोन तासांत घरी पाठवलेला पेशंट रात्री कोसळू शकतो. किमान 24 तास मॉनिटरवर. तात्पुरता पेसमेकर बसवायची सोय असलेला दवाखाना हवा. खास उतारा, डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाविरुद्धचं प्रतिपिंड, महाग आहे आणि आपल्याकडे क्वचितच मिळतो.

चंद्रज्योत किंवा मोगली एरंडाच्या बिया शाळेच्या कुंपणावरून पोरं शेंगदाण्यासारख्या खातात, आणि एकदम दहा-पंधरा जण ओकत दवाखान्यात येतात. पाणी आणि क्षार भरून काढले की बहुतेक एका दिवसात बरी होतात. खऱ्या एरंडाच्या आणि गुंजेच्या बिया मात्र चावून खाल्ल्या असतील तर गंभीर. अख्खी गिळलेली गुंज कडक टरफलामुळे सहसा तशीच बाहेर पडते.

मधला फसवा दिवस

काही विषं एक दिवस गप्प राहतात, आणि याच दिवशी सगळ्यात जास्त माणसं दवाखाना सोडतात. उंदीर मारायची फॉस्फरसची पेस्ट: पहिल्या दिवशी मळमळ, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीच नाही, मग डोळे पिवळे आणि यकृत बंद. त्यावर दूध-तूप देऊ नये, स्निग्ध पदार्थात फॉस्फरस जास्त शोषला जातो. पॅराक्वाट तणनाशक: तोंडात व्रण, मग लघवी कमी, मग आठवड्या-दोन आठवड्यांत फुप्फुसं कडक. इथे उलटा नियम आहे, दम फारच कमी पडल्याशिवाय ऑक्सिजन लावत नाहीत, कारण तो त्या विषाला साथ देतो. पहिल्या काही तासांतला उपचार हाच काय तो खरा. म्हणून एक घोट थुंकला असं सांगत असेल तरी निघा.

पॅरासिटामॉलचं तसंच, पण इथे बातमी चांगली आहे. जास्त गोळ्या घेतल्यावर 8 तासांच्या आत एन-ॲसिटाइलसिस्टीन हा उतारा सुरू झाला तर यकृत जवळपास नक्की वाचतं. पेशंटला काही होत नसतानाच तो द्यायचा असतो. कावीळ दिसेपर्यंत थांबलं की उशीर. गरोदरपणात वाटलेल्या लोहाच्या गोळ्या लहान मुलाने खाल्ल्या तर आधी रक्ताची ओकारी, मग काही तास शांत, मग शॉक, म्हणजे रक्तदाब एकदम कोसळणं. आजोबांची मधुमेहाची एक गोळी नातवाने गिळली तर साखर बऱ्याच तासांनंतरही उतरू शकते. मूल शुद्धीत असेल तर साखरपाणी चमच्याने पाजत न्या आणि 24 तास ठेवा. तोंडाने काही न देण्याच्या नियमाला एवढाच अपवाद.

‘पोट धुवा’ हा आग्रह इथेच सोडून द्यावा. नळी टाकून पोट धुण्याचा उपयोग पहिल्या तासाभरात, तोही श्वासनळी सुरक्षित असेल तर. ॲसिड किंवा रॉकेलमध्ये तो धोकाच. ॲक्टिव्हेटेड चारकोल मोठ्या माणसाला 50 ग्रॅम आणि मुलाला किलोमागे 1 ग्रॅम, पूर्ण शुद्धीत असेल तरच. लोह, ॲसिड, अल्कोहोल, रॉकेल यांना तो धरत नाही. चुलीतला कोळसा कुटून पाजणं म्हणजे नुसती राख.

धान्यात ठेवायची ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडते. पोटात गेली असेल तर पाणीही पाजू नका, ताबडतोब आयसीयू असलेला दवाखाना गाठा. गाडीच्या काचा खाली ठेवा. ज्या खोलीत गहू-ज्वारीच्या पोत्यांत ही गोळी टाकलीय तिथे कुणी झोपू नये, दरवाजा लावून तर नाहीच.

वायूंबद्दल थोडकंच. गोबरगॅसची टाकी, मळीची टाकी, जुनी विहीर यांत उतरलेला माणूस पडला तर त्याच्यामागे कुणी उतरायचं नाही. दुसरा आणि तिसरा बळी असाच जातो. दोर आणि अग्निशमन. बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी दिल्यावर आत लगेच गेलं की सल्फर डायऑक्साईडने घसा आणि छाती आवळते. उघड्या हवेत आणा, दम्याच्या पेशंटला लगेच दवाखाना.

दवाखान्याच्या दारात

ॲट्रोपीनचा साठा, व्हेंटिलेटर, ईसीजी मॉनिटर या तीन गोष्टी जिथे एकत्र आहेत तिथे जायचं: सांगली आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय, साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराडमधली मोठी रुग्णालयं. वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबून शिरेत सलाईनची सुई बसवून घेणं, पहिलं ॲट्रोपीन देणं यात वेळ वाया जात नाही. काय घेतलं, किती, किती वाजता, उलटी झाली का, दारू बरोबर होती का, ही पाच उत्तरं तयार ठेवा. अडलेल्या डॉक्टरला दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास सल्ला देतं. घरचाही माणूस फोन करू शकतो.

केस होईल या भीतीने ‘चुकून प्यायलं, सरबत समजून’ असं सांगितलं जातं, आणि प्रमाण निम्म्यावर येतं. डॉक्टर त्या निम्म्यावर उपचार ठरवतो. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी दवाखान्याची नोंद होते, पोलीस जबाब घेतात, पण उपचार त्यासाठी अडत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 तसं राहिलेलं नाही. खरं सांगा. शुद्धीवर आल्यावर त्याला रागावू नका, प्रश्नांचा भडिमार करू नका; डिस्चार्जआधी मानसोपचाराची भेट ठरवून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

ऑर्गॅनोफॉस्फेटमधून बाहेर आलेल्या माणसाला परत पंप देऊ नका. लाल रक्तपेशींमधलं ते एन्झाइम दिवसाला साधारण 1 टक्का याच गतीने भरतं, म्हणजे पूर्ण व्हायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. तोवर एरवी पचली असती एवढ्या थोड्या फवारणीनेही त्याला पुन्हा भरती व्हावं लागू शकतं. रक्तातलं हे एन्झाइम (कोलिनएस्टरेज) तपासून डॉक्टरने हो म्हटल्यावरच त्याने मंडपाखाली जावं, आणि तोवर त्याचे फवारणीचे कपडेही घरातल्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.